समुद्री शेवाळाच्या चोथ्यावर सूक्ष्म शेवाळ आणि त्यातून इंधन: गच्चीवरचा प्रयोग, अडचणी आणि हिशोब

पुळणवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबलंय, सवडीने वाचा आणि जिथे चुकत असेन तिथे बिनधास्त सांगा.

मी रत्नागिरीचा, धंदा जाळी आणि दोरखंडांचा. गेल्या फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकाकडे तामिळनाडूत मंडपमला गेलो होतो. रामेश्वरमला जाताना पांबनच्या पुलाच्या अलीकडे लागतं ते गाव. तिथे उथळ समुद्रात बांबूचे चौकोनी तराफे सोडतात, तीन मीटर बाय तीन मीटर, त्यावर ओळीने दोऱ्या आणि दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधलेले. साधारण ४५ दिवसांत काढणी. बांधणं, ओढणं, वाळवणं, बहुतेक सगळं बायका करतात. याशिवाय खडकांवरचं आपसूक वाढलेलं शेवाळ बुडी मारून काढणाऱ्या बायका वेगळ्या. त्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या असतात, कारण खडक कापतात.

गिऱ्हाइकाने ओळखीतला अगरचा एक कारखाना दाखवला. अगर म्हणजे आपलं चायना ग्रास. वाळलेलं शेवाळ धुतात, भिजवतात, टाक्यांत पाण्याबरोबर खूप वेळ उकळतात आणि गाळतात. गाळलेलं पाणी थंड झालं की त्याची जेली होते. ती गोठवायची, मग वितळू द्यायची. पाणी निथळून जातं आणि मागे अगरच्या पांढऱ्या पट्ट्या राहतात. जेलीत अगर असतं शेकडा एक-दीड भाग. म्हणजे एक किलो अगरमागे ६५ ते १०० लिटर पाणी नुसतं या एका टप्प्याला निथळतं. धुण्याचं आणि भिजवण्याचं पाणी निराळंच.

शेडच्या मागे चोथ्याचा ढीग होता, माझ्या छातीपर्यंत. वरून वाळून करडा झालेला, पायाने उकरला तर आत काळा आणि गरम. बाजूच्या चरातून चहाच्या रंगाचं पाणी वाहत बाभळींत शिरत होतं आणि त्या चराच्या कडेला, जिथे पाणी पसरून उथळ झालं होतं तिथे, पोपटी हिरव्या रंगाचा दाट थर आला होता. मी तिथे बराच वेळ उभा होतो. कोणी काही न करता, फुकटात, त्या सांडपाण्यावर सूक्ष्म शेवाळ वाढत होतं. आणि पुढच्या बाजूला त्याच शेडमध्ये टाक्यांखाली लाकडं जळत होती.

परतताना दोरखंडाच्या मालाबरोबर एक गोण वाळका चोथा घरी आणला. दारात उतरवला तेव्हा आई म्हणाली, "ह्या कित्याक हाडलंस?" (हे कशाला आणलंस? ती मूळची मालवणची.) गोण उघडल्यावर दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही, इतका वास.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: समुद्री शेवाळ म्हणजे डोळ्यांना दिसणारं, हातात धरता येणारं. सूक्ष्म शेवाळ म्हणजे एका पेशीचं, क्लोरेलासारखं, मिलिमीटरचा काही हजारावा भाग एवढं. या पेशींत तेल साठतं, वाळल्या वजनाच्या २०-३० टक्के सहज, उपासमार केली तर आणखी. त्या तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून बायोडिझेल करता येतं. अडचण अशी की त्यांना नत्र, स्फुरद, पालाश हवं, आणि हे रासायनिक खतातून द्यायचं तर इंधनाचा उद्देशच हरतो. चोथ्यात आणि पाण्यात हे सगळं आधीच आहे. म्हणून हा खटाटोप.

पहिला प्रयोग फसला. चोथा कुकरला शिजवला, पंचातून गाळला, ते चहासारखं पाणी २० लिटरच्या तीन जारमध्ये पाच, दहा आणि वीस पट पातळ करून भरलं. ओळखीच्या हॅचरीतून (कोळंबीची पिल्लं तयार करतात तिथून) विरजणापुरतं क्लोरेला आणलं, माशांच्या टाकीचा हवेचा पंप लावला. तिसऱ्या दिवशी सगळ्यात घट्ट जार दुधाळ झाला आणि सडक्या भाजीचा वास मारायला लागला. दहा पटीचाही त्याच वाटेने गेला. वीस पटीचा तेवढा फिकट हिरवा झाला आणि तिथेच थांबला. सूक्ष्मदर्शकाखाली हॅचरीतल्या मित्राने दाखवलं: सगळीकडे जीवाणू, मधूनमधून बिचारं क्लोरेला.

दुसऱ्या वेळी उलटं केलं. चोथा, पाणी आणि थोडा शेणकाला एका २०० लिटरच्या झाकणबंद ड्रममध्ये तीन आठवडे कुजवला, गोबरगॅसच्या पद्धतीने. झाकणातून नळी काढून तिचं तोंड पाण्याच्या बाटलीत बुडवलं. गॅस आला, पेटलाही. मग वरचं पाणी गाळून तीस पट पातळ केलं, दुसऱ्या २०० लिटरच्या पांढऱ्या ड्रममध्ये भरलं आणि विरजण घातलं. अकराव्या दिवशी पाणी पालकाच्या सुपासारखं झालं. तुरटी फिरवून रात्रभर ठेवलं, खालचा साका कापडावर काढून वाळवला. किचनमधल्या काट्यावर भरला ७० ग्रॅम.

आता प्रश्न. हे ७० ग्रॅम म्हणजे काहीतरी आहे की काहीच नाही? पुढे कुठल्या दिशेने जावं? इथे रसायन, मत्स्य, शेती सगळ्याच क्षेत्रांतली माणसं आहेत, म्हणून विचारतोय.

---

हॅचरीतला

पहिला प्रयोग का फसला ते सांगतो, कारण आमच्याकडे हा रोजचा अनुभव आहे. कोळंबीच्या पिल्लांना आम्ही किटोसेरॉस, स्केलेटोनेमा ही सूक्ष्म शेवाळं वाढवून घालतो. खाद्य-द्रावण ठरलेलं असतं: लिटरला ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट, ५ मिलिग्रॅम फॉस्फेट, वर चिमूटभर धातू आणि जीवनसत्त्वं. त्यात साखर नसते. साखर पडली की संपलंच. क्लोरेला दिवसाला एकदा-दोनदा दुप्पट होतं, जीवाणू तासाभरात. उघड्या भांड्यात ही शर्यत क्लोरेला कधीच जिंकत नाही.

तुमच्या कुकरच्या पाण्यात उरलेलं अगर आणि सुटलेल्या साखरा होत्या. दुसऱ्या वेळी जीवाणूंनी आधी त्या खाऊन गॅस केला आणि मागे अमोनिया, फॉस्फेट, पोटॅश ठेवलं. मग क्लोरेलाला मोकळं रान मिळालं. तुम्ही अनुभवाने बरोबर जागी पोचलात.

दोन गोष्टी सांभाळा. एक, रंग. कुजवलेलं पाणी काळपट असतं, उजेड आत जात नाही. तीस पट पातळ केलंत म्हणून जमलं. दुसरी, अमोनिया. शेवाळ वाढताना पाण्यातला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि पीएच नऊच्या वर जातो; तसा तो गेला की अमोनिया मोकळा होऊन त्याच शेवाळाला मारतो. दुपारी तीनला पीएच बघा, सकाळी बघून उपयोग नाही.

मोजायला सोपं साधन: पांढरी बशी दोऱ्याला बांधून ड्रममध्ये सोडा, किती सेंटिमीटरवर दिसेनाशी होते ते रोज लिहून ठेवा.

---

बॉयलरवाला

लोट्याला केमिकल कंपनीत तीस वर्षं काढली, त्यामुळे मला आधी आकडे दिसतात. वाईट वाटून घेऊ नका.

७० ग्रॅम भागिले २०० लिटर, म्हणजे लिटरला ०.३५ ग्रॅम. उघड्या तळ्यांत चांगल्या दिवशी अर्धा ते एक ग्रॅम मिळतो, तेव्हा नवख्यासाठी हे चांगलंच आहे. त्यात २० टक्के तेल धरलं तर १४ ग्रॅम. तीन चमचे. २०० लिटर पाण्यातून तीन चमचे तेल.

आता ते तीन चमचे मिळवायला काय लागतं बघा. शेवाळ बसवून, पिळून तुम्हाला जो लगदा मिळतो त्यात फार तर २० टक्के घन माल असतो. म्हणजे एक किलो कोरड्या शेवाळामागे चार किलो पाणी उडवायचं. एक किलो पाणी तापवून उडवायला साधारण २.६ मेगाज्यूल. चार किलोला दहाच्या वर. आणि त्या एक किलो शेवाळातलं २०० ग्रॅम तेल जाळून मिळतात साडेसात. बॉयलरवर वाळवलंत तर तेलात आहे त्याहून जास्त ऊर्जा नुसती वाळवण्यात गेली. पंप, ढवळणी, मिथेनॉल हे अजून धरलेलं नाही.

म्हणून बायोडिझेलच्या मार्गाने गेलात तर वाळवण उन्हातच व्हायला हवी, आणि उन्हात तीन दिवस पडलेल्या शेवाळातलं तेल खवट होतं. खवट तेलात मोकळी आम्लं वाढतात, कॉस्टिक घातलं की डिझेलऐवजी साबण.

ओलं शेवाळच ३००-३५० अंशांना प्रचंड दाबाखाली शिजवून कच्चं तेल काढायची पद्धत आहे, त्यात वाळवण टळते. पण दाब समुद्रसपाटीच्या हवेच्या दीडशे-दोनशे पट. ते गच्चीवरचं काम नाही आणि लहान कारखान्याचंही नाही.

---

पुळणवाट

बॉयलरवालाकाका, वाईट कसलं वाटायचं, हेच हवं होतं. तीन चमचे वाचून थोडा वेळ गप्प बसलो, एवढं खरं.

पण मग मोठमोठे आकडे येतात ते कुठून? हेक्टरी ५८,७०० लिटर तेल, पाम तेलाच्या दहापट, असं मी ठिकठिकाणी वाचलंय.

---

बॉयलरवाला

तो २००७ सालच्या एका फार गाजलेल्या निबंधातला आकडा आहे. पामचे ५,९५० आणि सूक्ष्म शेवाळाचे ५८,७००, तेही ३० टक्के तेल धरून. आपण उलटा हिशोब करू. ५८,७०० लिटर भागिले ३६५, भागिले दहा हजार चौरस मीटर: चौरस मीटरला रोज १६ मिलिलिटर, म्हणजे १५ ग्रॅम तेल. ते ३० टक्के असेल तर शेवाळ रोज ५० ग्रॅम. वर्षभर, एकही दिवस न चुकता. उघड्या तळ्यात १० ते २० ग्रॅम टिकवलं तरी लोक पाठ थोपटतात.

---

डेन्व्हरकर

इथून जवळच गोल्डन गावात अमेरिकेची ऊर्जा-संशोधनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, म्हणून या इतिहासात मला रस. ५० ग्रॅमवरून आठवलं.

१९७८ ते १९९६ अमेरिकन सरकारने सूक्ष्म शेवाळापासून इंधनाचा कार्यक्रम चालवला. तेलटंचाईच्या काळात सुरू झालेला, सगळा मिळून खर्च अडीच कोटी डॉलरच्या घरात. जवळजवळ ३,००० वाण गोळा केले, त्यांतले ३०० निवडून ठेवले. न्यू मेक्सिकोत रॉसवेलला हजार चौरस मीटरची तळी बांधली. एखाद्या दिवशी तिथे ५० ग्रॅमपर्यंत उत्पादन गेलंही. वर्षाची सरासरी आली १० ग्रॅम, कारण वाळवंटात रात्री तळी गार पडत. १९९८ मध्ये समारोपाचा अहवाल निघाला, तो कोणालाही वाचता येतो. फसलेल्या गोष्टी इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेला सरकारी कागद मी दुसरा पाहिलेला नाही.

नंतर २००९ मध्ये एक्सॉनमोबिल या तेलकंपनीने ६० कोटी डॉलरपर्यंत खर्चाची तयारी दाखवून यात उडी घेतली आणि २०२३ च्या सुरुवातीला हात काढून घेतला. सोलाझाइमने वेगळी वाट धरली होती: उजेड नाहीच, बंद टाक्यांत शेवाळाला साखर चारून तेल. अमेरिकी नौदलाला इंधन दिलंही. पण पुढे कंपनी खाद्यतेल आणि प्रसाधनांकडे वळली, नाव बदललं, २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली.

हे तुम्हाला मागे खेचायला लिहीत नाहीये. यांतल्या कोणाच्याच दारात फुकट खत आणि जळतं लाकूड एकाच आवारात नव्हतं. तुम्ही पाहिलेल्या कारखान्यात ते आहे.

---

अनुराधा भावनगर

मी मराठी, पण गेली बावीस वर्षं भावनगरला. रसायनशास्त्र शिकवते. मीठ आणि समुद्री रसायनांची राष्ट्रीय संशोधन संस्था याच गावात, त्यामुळे शेवाळाच्या गप्पा इथे चहाच्या टपरीवरही निघतात.

"चोथा" या शब्दाला थोडी हरकत. मंडपमला तराफ्यांवर जे लावतात ते मुख्यतः कप्पाफायकस नावाचं लाल शेवाळ. ते ताजं असतानाच चिरडून रस काढतात, तो पिकांवर फवारायला जातो. मागे उरलेल्या मालातून कॅराजिनन हे अगरसारखंच घट्टपणा आणणारं द्रव्य निघतं, जे आइस्क्रीमपासून टूथपेस्टपर्यंत सगळीकडे लागतं. ही पद्धत इथल्याच संस्थेतली. म्हणजे कप्पाफायकसमध्ये फुकट जाणारं आधीच कमी आहे. तुमचा चोथा अगरच्या लाल शेवाळाचा, ग्रॅसिलॅरियाचा किंवा जेलिडिएलाचा. दोन्हींना एकच हिशोब लावू नका.

साखरेबद्दल: लाल शेवाळात मुख्य साखर गॅलॅक्टोज. दुधाच्या साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा गॅलॅक्टोज असतो, तीच ही. सोलाझाइमसारखी वाट धरायची तर शेवाळाला ग्लुकोज जास्त आवडतं. गॅलॅक्टोज प्रत्येक वाण खात नाही. गॅल्डिएरिया नावाचं एक आहे, गरम आम्लाच्या झऱ्यांत राहणारं, ते पन्नासच्या वर पदार्थ खातं, त्यांत गॅलॅक्टोजही. आणि त्याला इतकं आंबट पाणी चालतं की बहुतेक जीवाणू तिथे तग धरत नाहीत. मला ही जोडी फार सुंदर वाटते, पण त्याच्यात तेल कमी. डिझेलच्या दृष्टीने निराशा.

तुमच्या चोथ्यातलं अगर बरंचसं निघून गेलंय, उरलंय ते सेल्युलोज. समुद्री शेवाळात लाकडासारखं लिग्निन जवळजवळ नसतं, त्यामुळे उसाच्या चिपाडापेक्षा ते सहज फुटतं. पण आम्लाने फोडलंत की ते मारायला अल्कली, म्हणजे पुन्हा मीठ. आणि साखर जास्त तापली की तिच्यातून असे पदार्थ होतात जे शेवाळाला विषारी. मग एंझाइम, मग निर्जंतुक टाकी. पाच किलोच्या आसपास साखर घातली तर एक किलो तेल. एवढं करायचं असेल तर त्या साखरेचं सरळ इथेनॉल केलेलं बरं, यीस्टला त्याची सवय आहे.

तुमचा कुजवण्याचा मार्गच मला जास्त पटतो. मात्र एक विचारते. शेणकाल्यात स्वतःचं नत्र भरपूर असतं. तुमचं क्लोरेला चोथ्यावर वाढलं की शेणावर? नुसत्या शेणकाल्याचा वेगळा ड्रम ठेवला होता का?

---

पुळणवाट

ताई, नव्हता ठेवला. सुचलंच नाही. तुमचा प्रश्न वाचला तेव्हा गच्चीवर जाऊन ड्रमकडे बघत बसलो. सगळा आनंद कदाचित शेणाचा होता.

पुन्हा लावतो. तीन जार: चोथा-शेणकाला कुजवलेलं पाणी, नुसतं शेणकाल्याचं पाणी तितकंच पातळ केलेलं, आणि नुसतं नळाचं पाणी. तिन्हींत सारखं विरजण. दोन्ही छोटे ड्रम आज भरले, तीन आठवडे कुजू देतो. बशीने मोजेन.

---

डॉ. वाडीकर

मी गावातला डॉक्टर, एक सावधगिरीची गोष्ट कळकळीने सांगतो. समुद्री शेवाळात गंधकाचं प्रमाण मोठं असतं. ते हवेशिवाय कुजलं की हायड्रोजन सल्फाइड होतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो, तेव्हा तो जीव घेतो. २००९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाच्या सडक्या थरात एक घोडा मेला आणि त्याच्यावरचा माणूस बेशुद्ध पडला होता. तिथे शेतातलं नत्र वाहून येतं आणि किनाऱ्यावर दरवर्षी उल्वा नावाचं हे हिरवं शेवाळ साचतं.

ड्रम कधीही बंद खोलीत उघडू नका, आत वाकून बघू नका, एकट्याने तर नाहीच. गॅस जाळायचा असेल तर आधी लोखंडाच्या गंजलेल्या किसातून जाऊ द्या, गंधक तिथे अडकतं. नाहीतर शेगडीही खाऊन टाकेल.

---

पुळणवाट

डॉक्टर, मनापासून आभार. मी पहिल्या वेळी झाकण उघडून वाकून बघितलं होतं. लेथवाल्याकडून कीस आणलाय, पाण्यात भिजवून गंजायला ठेवलाय.

---

सुमन वेंगुर्ला

मी शास्त्रातली नाही. आमच्याकडे पावसाळा सरता सरता किनाऱ्यावर शेवाळाचा सडा पडतो. सासरे ते पावसात धुऊ द्यायचे आणि मग माडांच्या आळ्यात घालायचे. धुतल्याशिवाय नाही, खार उतरला पाहिजे म्हणायचे. मग प्रश्न पडला, एवढं सगळं करण्यापेक्षा चोथा सरळ माडाला का नको? आणि हे कोकणात करायचं म्हटलं तर पावसाचं काय?

---

अनुराधा भावनगर

सुमनताई, तुमच्या सासऱ्यांचं अगदी बरोबर. धुतलेला चोथा माडाला घालणं हा चांगलाच उपयोग आहे आणि जिथे माड जवळ आहेत तिथे तोच पहिला करावा. गॅस काढून घेतल्यावर उरलेला गाळही माडाला चालतो, कारण कुजताना नत्र, पालाश कुठे जात नाही. अडतं ते पाणी. चोथा गाडीत भरता येतो, चहाच्या रंगाचं पाणी नाही.

---

हॅचरीतला

पावसाचं मी सांगतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सूक्ष्म शेवाळाचं तळं वीस-तीस सेंटिमीटर खोल असतं. जुलैतल्या दोन दिवसांत ते भरून वाहील, उरेल ते पातळ पाणी. कोकणात उघडं तळं म्हणजे ऑक्टोबर ते मे. मंडपमला पाऊस कमी, ऊन कडक, आणि मुख्य म्हणजे चोथा तिथेच आहे. तळं तिथेच हवं. इथल्या खाजणांत आणि बंद पडलेल्या मिठागरांत कोळंबी आहे, कालवं आहेत. त्यांचा उपयोग वेगळा आहे.

तुरटीबद्दल एक. तुरटीने बसवलेलं शेवाळ कालवांना किंवा पिल्लांना घालू नका, ॲल्युमिनियम जातं. खारं पाणी असेल तर चुन्याची निवळी घालून पीएच साडेदहाच्या वर न्या. पाण्यातलं मॅग्नेशियम साक्यासारखं खाली बसतं आणि पेशी ओढून नेतं. कोळंबीच्या सालींचं कायटोसान गोड्या पाण्यात छान चालतं, खाऱ्यात त्याचा जोर कमी होतो.

आणि शेवाळ विकायचं कुठे, तर इथेच. हॅचरीला चांगलं शेवाळ वर्षभर मिळत नाही. इंधनाच्या भावात ते देणं म्हणजे तूप चुलीत ओतणं. फक्त सारगॅसमसारख्या तपकिरी शेवाळाचा चोथा असेल तर आर्सेनिक तपासल्याशिवाय खाद्यात नको.

---

बॉयलरवाला

आता दिशा सापडतेय असं वाटतं. पुळणवाट, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंत की टाक्यांखाली लाकडं जळत होती. या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. इंधन हवंय ते गाडीला नाही, त्या टाकीला.

चोथा कुजवला की गॅस येतो, साधारण ५५-६५ टक्के मिथेन, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. टाकीखाली जाळायला हा गॅस आहे तसा चालतो, शुद्ध करायची, दाबायची, वाहून न्यायची गरज नाही. फक्त गंधक काढा. कुजवलेलं पाणी निथळाच्या पाण्यात मिसळून पातळ करा, उथळ तळ्यात सोडा, शेवाळ वाढवा. गॅस जळल्यावर धुरातला कार्बन डायऑक्साइड त्याच तळ्यात बुडबुड्यांनी सोडता येतो: एक किलो शेवाळाला जवळजवळ १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि तो आला की पीएचही खाली राहतो, म्हणजे वर हॅचरीवाल्यांनी सांगितलेला अमोनियाचा त्रास टळतो. शेवाळातलं चांगलं ते खाद्याला, बिघडलेलं पुन्हा गॅसच्या टाकीत. वाळवण नाही, मिथेनॉल नाही, साबण नाही.

डिझेलचा नाद सोडलात तर मगाचचा माझा सगळा हिशोब उलटतो.

---

पुळणवाट

काका, हे वाचून रात्री मंडपमच्या गिऱ्हाइकाला फोन केला. कारखान्याच्या मालकांशी त्यांनी बोलणं करून दिलं. मोडकीतोडकी हिंदी आणि इंग्रजी मिळून अर्धा तास बोललो. त्यांना शेवाळाच्या डिझेलमध्ये रस नव्हता. "लाकूड वाचेल का?" एवढाच प्रश्न तीन वेळा विचारला. दुसरी काळजी चराच्या पाण्याची, कारण पलीकडच्या विहिरीचं पाणी खारट होतंय म्हणून शेजारी तक्रार करतात. मीठ तर शेवाळ खात नाही, तेव्हा त्या विहिरीला यातून आराम मिळणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. तळ्याला खाली अस्तर घातलं तरच.

---

अनुराधा भावनगर

हे सांगितलंत ते फार चांगलं केलंत. खारटपणामुळे गॅसच्या टाकीचाही वेग मंदावतो, तेव्हा चोथा आत टाकण्याआधी एकदा धुवायला सांगा. धुण्याचं पाणी वेगळं साठवून मिठागराकडे जाऊ शकतं का बघा, त्या किनाऱ्यावर मिठागरं आहेतच. आणि जारांचं काय झालं?

---

पुळणवाट

कुजवण पूर्ण झाली तेव्हाच तुमची आठवण आली. आज जारांचा नववा दिवस. दुपारी तीनची नोंद देतो, पीएचसकट.

नळाचं पाणी: बशी तळापर्यंत दिसते, पाणी जवळजवळ स्वच्छ.

नुसतं शेणकाल्याचं पाणी: हिरवं झालं. बशी १७ सेंटिमीटरवर दिसेनाशी होते. पीएच ८.६.

चोथा-शेणकाल्याचं पाणी: बशी ९ सेंटिमीटरवर गेली. पीएच ९.१, म्हणून दुपारी हवा वाढवली.

म्हणजे ताई, शेणाचा वाटा आहे, आणि चांगलाच आहे. पण उरलेला चोथ्याचाच. एकाच फेरीचा आकडा आहे, म्हणून आणखी दोनदा लावतोय. या वेळी चोथा धुऊन आणि न धुता असे दोन वेगळे ड्रम. लोखंडाचा कीस नळीत बसवला आहे, तीन दिवसांत त्याचा तांबूस रंग जाऊन काळा पडलाय. काल त्या गॅसवर आईने चहा केला. ज्योत निळी होती आणि वास आला नाही.